यंग गुडमन ब्राउन : विश्वास उडाला, पण नक्की कशावरचा?

दूरस्थ (धागाकर्ता)

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘यंग गुडमन ब्राउन’ या कथेबद्दल कुठेही वाचायला गेलं की एक वाक्य हमखास भेटतं : ‘एका रात्रीत देवावरची श्रद्धा गमावलेल्या तरुणाची गोष्ट.’ मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते सांगायला हा धागा.

गोष्ट न वाचलेल्यांसाठी आधी कथानक. शेवट फुटणार आहे, पण कथा १८३५ साली छापून आलेली आहे, तेव्हा त्याबद्दलची कुरकुर ऐकून घेतली जाणार नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरचं सेलम, मॅसॅच्युसेट्समधलं प्युरिटन (कडक आचाराच्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) लोकांचं गाव. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेला ब्राउन सूर्य मावळताना घराबाहेर पडतो. बायकोचं नाव फेथ, म्हणजे श्रद्धा. तिच्या टोपीला गुलाबी फिती आहेत. ती विनवते, आजची रात्र घरीच राहा, उजाडल्यावर जा. तो ऐकत नाही. काम काय आहे हे लेखक आपल्याला सांगत नाही. एवढंच कळतं की काम चांगलं नाही आणि ते ब्राउनला पक्कं ठाऊक आहे. एवढी एक रात्र जाऊ दे, मग हिचा झगा धरून थेट स्वर्गापर्यंत जाईन, अशी तो स्वतःची समजूत घालतो.

रानात एक प्रौढ गृहस्थ त्याची वाटच बघत असतो. दिसायला ब्राउनसारखाच, बापलेक वाटावेत इतका. हातातली काठी काळ्या सापासारखी. बॉस्टनमधून निघून पंधरा मिनिटं झाली म्हणतो, तेव्हा हा सैतानच, हे वेगळं सांगायला नको. पुढे वाटेवर ब्राउनला लहानपणी धर्माचे धडे देणारी म्हातारी गुडी (म्हणजे ‘बाई’) क्लॉइस भेटते, मग गावचा पाद्री आणि चर्चचा पदाधिकारी, डीकन गूकिन. सगळे रानातल्या त्याच मेळाव्याला निघालेले. डीकन तर म्हणतो की पाद्रीपदाच्या दीक्षेचं जेवण चुकलं तरी चालेल, पण आजची बैठक चुकवायची नाही! तरीही ब्राउन थांबतो, आभाळाकडे बघतो, फेथच्या जोरावर मी सैतानाला पुरून उरेन म्हणतो. तेवढ्यात डोक्यावरून एक काळा ढग जातो, त्यातून गावकऱ्यांचे आवाज येतात, एका तरुण बाईचा विलाप ऐकू येतो आणि वरून तरंगत एक गुलाबी फीत खाली येते. ‘माझी फेथ गेली!’ असं ओरडून तो पिसाटासारखा मेळाव्याच्या दिशेने सुटतो. तिथे जळते पाइन वृक्ष, वेदीसारखा खडक, आणि गावातले साधू-संत, चोर-बदमाश सगळे एका रांगेत. नव्या दीक्षितांत तो आणि फेथ. ऐन क्षणी तो तिला ओरडून सांगतो, वर आभाळाकडे बघ. आणि सगळं नाहीसं होतं. सकाळी गाव नेहमीसारखं. तो मात्र उरलेला जन्म कुढत काढतो, आणि त्याच्या थडग्यावर आशेचा एक शब्दही कोरला जात नाही.

शाळा-कॉलेजातलं ठरलेलं उत्तर असं : फेथ म्हणजे श्रद्धा, फिती म्हणजे निरागसपणा, रान म्हणजे पाप, काठी म्हणजे एडनच्या बागेतला साप. हे चुकीचं नाही. पण जोड्या लावून झाल्या की गोष्ट संपते, हाताला काही लागत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. त्या रात्रीनंतर ब्राउन काय काय करतो? तो चर्च सोडत नाही. रविवारी प्रार्थनेला जातो. पाद्री बायबलवर हात ठेवून बोलायला लागला की त्याला भीती वाटते, छप्पर कोसळून हा म्हातारा पाखंडी आणि त्याचे श्रोते सगळे गाडले जातील. म्हणजे शिक्षा करणारा देव जागच्या जागी आहे. पाप, नरक, सैतान, सगळं शाबूत; उलट आधीपेक्षा घट्ट. घरातली माणसं प्रार्थनेला गुडघे टेकतात तेव्हा तो कपाळाला आठ्या घालतो आणि बायकोकडे रोखून बघून तोंड फिरवतो. देवाकडे पाठ फिरवल्याचं एक वाक्यही कथेत नाही. माणसांकडे फिरवल्याची ओळीमागून ओळ आहे.

आता हे कशाच्या जोरावर? पुरावा काय? पाद्री आणि डीकन त्याला दिसतच नाहीत. झुडपाआड लपून, टाचा उंचावून बघतो, तरी सावलीसुद्धा दिसत नाही. नुसते आवाज, आणि तेही ‘शक्य असतं तर शपथेवर सांगितलं असतं’ अशा खात्रीचे. ढगातले आवाज तर येतात न येतात तोच विरतात. फेथ मेळाव्यात दिसते ती चेहऱ्यावर बुरखा घेतलेली, आगीच्या उजेडात. राहता राहिली फीत.

इथे १६९२ आठवायला हवं. सेलमच्या चेटूक खटल्यांत १९ जणांना फाशी झाली, आणि कबूल-नाकबूल काहीच सांगायला तयार नसलेल्या जाइल्स कोरीचा छातीवर दगड रचून जीव घेतला गेला. कोर्टाने ज्या साक्षी मानल्या त्यात एक प्रकार होता ‘स्पेक्ट्रल एव्हिडन्स’चा, म्हणजे छाया-पुराव्याचा : आरोपी भले घरी झोपलेली असेल, पण तिची आकृती येऊन मला छळते, ती मला दिसते, म्हणून ती चेटकीण. खटल्यांतला एक मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न. आपल्या लेखकाचा खापरपणजोबा. (आडनावात ‘डब्ल्यू’ लेखकाने स्वतः घातला. त्यामागे घराण्यापासून अंतर ठेवायचं होतं असं नेहमी म्हणतात, असेल.)

आणि रानातल्या चेटकिणींची नावं बघा. क्लॉइस, कोरी, कॅरियर. ही तिन्ही नावं खऱ्या खटल्यांतल्या आरोपींची आहेत. मार्था कॅरियरला १९ ऑगस्ट १६९२ ला फाशी दिली, मार्था कोरीला २२ सप्टेंबरला. कथेत गुडी क्लॉइस कोरीबाईला ‘अजून फासावर न चढलेली चेटकीण’ म्हणते, माझा झाडू तिनेच पळवला म्हणून. वाचताना हसू येतं, आणि मग ही बाई खरोखर फासावर गेली होती हे लक्षात आलं की ते हसू जिरतं. ज्या बायकांना खोट्या पुराव्यावर चेटकीण ठरवलं गेलं, नेमक्या त्याच ब्राउनला चेटकिणी म्हणून ‘दिसतात’. डेव्हिड लेव्हिन या अभ्यासकाने १९६२ मध्येच हा धागा नीट उलगडलाय : ब्राउनला जे दिसलं ते छाया-पुराव्यापलीकडे काही नाही.

मी त्यापुढे एवढंच म्हणतो, की ब्राउन इथे नुसता फसलेला माणूस नाही. तो न्यायाधीश आहे. एका रात्रीत अख्ख्या गावाचा खटला चालवून त्याने निकाल दिला, आणि आरोपींना आरोप काय आहे हे जन्मभर सांगितलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

वाचनवेडा

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न : ते सगळं स्वप्न होतं की नाही?

दूरस्थ

लेखक स्वतःच विचारतो, ब्राउन रानात झोपून गेला होता का आणि त्याला नुसतं स्वप्न पडलं का? आणि उत्तर देतो, तुमची तशी इच्छा असेल तर तसं समजा. कुठल्याही बाजूला गेलं तरी ब्राउनचं पुढचं आयुष्य बदलत नाही, म्हणून मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटत नाही.

खवचट

लेख चांगला, कथा सुमार. बायकोचं नाव फेथ ठेवायचं, मग ‘फेथने मला थोडं अडवून धरलं’ म्हणून उशिराचं कारण सांगायचं, मग ‘माझी फेथ गेली’ म्हणून बोंब मारायची. याला प्रतीक नाही म्हणत, पाटी म्हणतात. एडगर ॲलन पोने १८४७ मध्ये हॉथॉर्नला झापलंय ते उगाच नाही. त्याला रूपककथेचाच तिटकारा होता. हॉथॉर्नने लेखणी नीट करावी आणि दिसेल अशा शाईची बाटली आणावी, असा सल्लाही त्याने देऊन टाकला.

अर्धविराम

खवचट, पाटी आहे हे मान्य. पण पाटी इतकी ढळढळीत का लावली असेल? ‘श्रद्धा कुठे आहे’ हे पहिल्याच ओळींत कळल्यावर वाचक तिकडे बघत बसतो आणि हॉथॉर्न बाजूने काम उरकतो. मेलविलने १८५० मध्ये या कथेबद्दल लिहिताना हेच म्हटलंय, की शीर्षकावरून वाटेल ही पोराटोरांसाठीची साधी गोष्ट असेल, पण ही दान्तेइतकी खोल आहे.

मला कथेतलं सगळ्यात चांगलं प्रतीक फीत वाटत नाही, डहाळी वाटते. मेळावा नाहीसा होतो तेव्हा ब्राउन लडखडत खडकाला टेकतो. तो खडक गार, ओलसर लागतो. आणि जी डहाळी मघाशी आगीत धडाडून पेटलेली होती, तिच्यावरून त्याच्या गालावर गारेगार दव शिंपडलं जातं. म्हणजे आग नव्हतीच! रात्रभरात कातडीला जाणवलेली एवढी स्पष्ट गोष्ट दुसरी नाही, आणि ती मेळाव्याच्या विरुद्ध साक्ष देते. काही क्षणांपूर्वीच खडकातल्या खळग्यातून दीक्षेचं काहीतरी कपाळी लागणार होतं. पाणी, रक्त की पातळ ज्वाळा, हे लेखक ठरवत नाही. ती दीक्षा टळली आणि दवाची मिळाली. ब्राउनने ती पुसून टाकली असणार, कारण पुढे तिचा उल्लेख नाही.

दूरस्थ

अर्धविराम, हे अप्रतिम. डहाळीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शंकासुर

सगळे मिळून बिचाऱ्या ब्राउनला झोडताय, म्हणून थोडं विरुद्ध बाजूने.

दूरस्थ म्हणतात पुरावा कच्चा. पण सैतान रानात जे सांगतो त्यातला एक भाग कच्चा नाही, तो इतिहास आहे. तो ब्राउनला म्हणतो, तुझ्या आजोबाने क्वेकर (प्युरिटनांना न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) बाईला सेलमच्या रस्त्यांतून चाबकाने फोडून काढलं तेव्हा मदतीला मी होतो. तुझ्या बापाने किंग फिलिपच्या युद्धात इंडियनांचं, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं, गाव पेटवलं तेव्हा पलिता माझ्या चुलीवर पेटवलेला होता. ते युद्ध १६७५ ते ७६ चं, अगदी खरं. क्वेकरांना फटके मारणंही खरं, आणि लेखकाच्याच घराण्याचा मूळपुरुष विल्यम हॅथॉर्न क्वेकरांच्या छळाबद्दल बदनाम होता. ‘द स्कार्लेट लेटर’च्या सुरुवातीच्या प्रकरणात हॉथॉर्नने विल्यम आणि जॉन या दोन्ही पूर्वजांची लाज स्वतःच्या माथ्यावर घेतलीय.

मग ब्राउनचं काय चुकलं? ही धर्मात्म्यांची वस्ती आतून किडलेली आहे असं त्याला वाटलं, आणि ती किडलेलीच होती. ज्या गावाने त्याच वर्षी-दोन वर्षांत शेजाऱ्यांना फासावर दिलं, त्या गावाबद्दल ‘इथे चांगुलपणा उरला नाही’ म्हणणारा माणूस वेडा की शहाणा? तुम्ही त्याला न्यायाधीश म्हणता, मी साक्षीदार म्हणतो.

दूरस्थ

शंकासुर, नेमकी ती जागा पुन्हा वाचा. आजोबा-बापाबद्दल ऐकल्यावर ब्राउन काय म्हणतो? ‘नवल आहे, ते कधी बोलले नाहीत. आणि बोलले नाहीत तेच बरं, नाहीतर न्यू इंग्लंडमधूनच हाकललं असतं. आम्ही प्रार्थना करणारी, सत्कर्मं करणारी माणसं, असला दुष्टपणा आमच्यात नाही.’ आणि विषय संपला!

सैतानाने सांगितलेली जी गोष्ट खरी, रक्ताच्या नात्याची आणि त्याला स्वतःला चिकटणारी, ती तो एका वाक्यात झटकतो. आणि पाद्री-डीकनचे आवाज, बुरख्यातली बाई, ढगातला विलाप, हे सगळं मात्र छातीशी घट्ट धरतो. गावाची खरी पापं कळून विश्वास उडाला असता तर तो पहिल्यांदा स्वतःच्या घराण्यावरून उडायला हवा होता. म्हातारा ब्राउन कधी क्वेकर बाईची आठवण काढून अस्वस्थ झाला, किंवा त्या जळालेल्या गावाची, असं कुठे आहे?

आणि स्वतःबद्दल? रात्री ठरवून, भेटीची वेळ ठरवून रानात गेला होता तो. मेळाव्यात पुढे येताना, मनातल्या सगळ्या दुष्टपणामुळे त्याला त्या लोकांशी किळसवाणं भाऊपण जाणवतं असं लेखक लिहितो. पिसाटासारखा धावत असतो तेव्हा तर सरळ म्हणतो, त्या रानातला सगळ्यात भयंकर प्रकार तो स्वतःच होता. सकाळी हे सगळं विसरून तो इतरांकडे बघायला लागतो.

कावेरी

फितीबद्दल कुणीच बोलत नाहीये, मी बोलते. रंगावर फार शाई खर्च झालीय : पांढरा आणि लाल मिसळून गुलाबी, म्हणजे निष्पापपणा अधिक वासना, वगैरे वगैरे. असेल बाई. मला रंगापेक्षा फितीचा प्रवास विचित्र वाटतो. ती सुरुवातीला फेथच्या टोपीवर आहे. मध्यरात्री फांदीला अडकते आणि ब्राउन ती हाताने पकडतो. सकाळी फेथच्या टोपीवर पुन्हा गुलाबी फिती आहेत. मधली फीत कुठे गेली? त्याने खिशात ठेवली? टाकली? एक शब्द नाही. दूरस्थ म्हणतात आवाज कच्चे, बुरखा कच्चा. ठीक. पण फीत त्याने हातात धरली होती. मग डहाळीच्या दवासारखाच हाही स्पर्शाचाच पुरावा झाला की.

दूरस्थ

कावेरी, म्हणूनच ती गोष्टीतली सगळ्यात धूर्त वस्तू आहे. रात्रभर सगळं धूसर, आणि एकच गोष्ट हातात येते. कुणीही तिच्यावर विश्वास ठेवेल. मग सकाळी ती वस्तू स्वतःच उलटी साक्ष देते. टोपीवर फिती जागच्या जागी बघितल्यावर कुठल्याही शंका घेणाऱ्या माणसाने थबकायला हवं : थांब, मग रात्री माझ्या हातात काय होतं? ब्राउनला फिती दिसतात, हे लेखक मुद्दाम नोंदवतो. पण रात्रीच्या फितीने त्याला जेवढं हलवलं, तेवढं सकाळच्या फितीने हलवलं नाही. रात्रीची त्याला हवी होती, असं म्हणायचा मोह होतो.

जुनापुराणा

थोडा इतिहास, कारण छाया-पुराव्यावरचा वाद खुद्द १६९२ मध्येच झाला होता.

प्रश्न असा होता : सैतान निरपराध माणसाचं रूप घेऊ शकतो का? घेऊ शकत नसेल, तर जिची आकृती दिसली ती दोषी. घेऊ शकत असेल, तर कोर्टाचा पायाच गेला. बॉस्टनचा मोठा धर्मगुरू इन्क्रीज मॅदर याने त्या ऑक्टोबरात लिहून दिलं की सैतान निरपराधाचं रूप घेऊ शकतो, आणि एका निरपराध माणसाला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. त्याच महिन्यात गव्हर्नर फिप्सने चेटूक खटल्यांचं ते खास कोर्ट बंद केलं. नंतरच्या कोर्टात छाया-पुरावा जवळपास बाजूला पडला आणि बहुतेक आरोपी सुटले. क्लॉइस नावाची खरी आरोपी, सेरा क्लॉइसही वाचली. तिच्या दोन बहिणी, रिबेका नर्स आणि मेरी ईस्टी, आधीच फासावर गेल्या होत्या.

न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअलने जानेवारी १६९७ मध्ये बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या दोषाची कबुली वाचून घेतली. कथेतला सैतान ‘ओल्ड साउथच्या घड्याळाचे ठोके पडत होते तेव्हा मी बॉस्टनमधून येत होतो’ म्हणतो, ते हेच चर्च. हॉथॉर्नने ते मुद्दाम निवडलं असं मी म्हणणार नाही, पण वाचताना मला स्यूअल आठवतोच. जॉन हॅथॉर्नने अशी कबुली कधी दिली नाही.

आणि हॅथॉर्नची उलटतपासणीची तऱ्हा बघा. १ मार्च १६९२ ला सेरा गुडला त्याचा पहिला प्रश्न : तुझी कुठल्या दुष्ट आत्म्याशी सलगी आहे? ‘आहे का’ असं नाही, ‘कुठल्या’ असं. दोष धरूनच चालायचं, फक्त तपशील विचारायचा.

दूरस्थ

आणि ब्राउन तेवढंही विचारत नाही! धन्यवाद जुनापुराणा, हा प्रतिसाद मूळ लेखात जायला हवा होता.

मुक्ता

सगळे ब्राउनच्या डोक्यात शिरलेत. कुणी फेथच्या बाजूने बघणार का?

पहिल्या पानावर ती म्हणते, एकट्या बाईला अशी स्वप्नं पडतात, असे विचार येतात की कधीकधी तिला स्वतःचीच भीती वाटते. नवरा काय म्हणतो? लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच माझ्यावर संशय? संशयाचा शब्द पहिल्यांदा त्याच्या तोंडी येतो, तिच्या नाही. स्वतः सैतानाला भेटायला निघालेला माणूस बायकोकडे पूर्ण विश्वास मागतोय, आणि तिने मन उघडं केलं ते तो धड ऐकूनही घेत नाही. ती म्हणते, देव तुमचं भलं करो, परत याल तेव्हा सगळं ठीकठाक असू दे. तो म्हणतो, प्रार्थना कर, लवकर झोप, तुला काही होणार नाही.

आता सकाळ. चर्चच्या कोपऱ्यावर ती चिंतेने वाट बघत उभी आहे. तो दिसताच तिला इतका आनंद होतो की ती रस्त्यावरून उड्या मारत येते आणि अख्ख्या गावासमोर जवळजवळ त्याचा मुका घेते. प्युरिटन गावात! तो तिच्याकडे कठोर, दुःखी नजरेने बघतो आणि न बोलता पुढे निघून जातो. वाटेत गुडी क्लॉइस एका लहान मुलीला धर्मप्रश्नोत्तरी शिकवताना दिसते, तर हा मुलीला तिच्यापासून हिसकावून घेतो. त्याला वाटतं त्याने मुलीला वाचवलं. त्या मुलीने काय बघितलं असेल? एक पिंजारलेला माणूस अंगावर धावून आला.

आणि मग अख्खा जन्म. मध्यरात्री दचकून जागा झाला की तो तिच्या कुशीतून अंग चोरतो, असं वाक्य आहे. मुलं झाली, नातवंडं झाली, अंत्ययात्रा भली मोठी निघाली, मागून म्हातारी फेथ. आपण कशाबद्दल दोषी आहोत हे तिला कधी कळलंच नाही. श्रद्धा गमावल्याची गोष्ट म्हणता ना? गमावलीय ती फेथने, नवऱ्याच्या रूपाने. तिच्याबद्दल एक ओळ लिहायला हॉथॉर्नला सुचलं नाही.

वाचनवेडा

मुक्ताताई, +१. असा विचारच केला नव्हता.

खवचट

ओळ लिहिली नाही कारण पाटीला मन नसतं. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय.

मुक्ता

खवचट, स्वतःच्या विचारांची भीती वाटते म्हणणारी पाटी तुम्ही कुठे बघितलीत?

शंकासुर

मुक्ताताईंचा प्रतिसाद जबरदस्त आहे, पण मी जागा सोडत नाही. ब्राउनला दोषी ठरवायच्या घाईत तुम्ही मेळाव्यातलं प्रवचन वाचलं नाहीत. तो काळा पुरोहित नव्या दीक्षितांना सांगतो : ज्यांना तुम्ही लहानपणापासून मान दिलात ते सगळे इथे आहेत; पाप हाच माणसाचा स्वभाव आहे.

हे वाक्य नीट ऐका. यात सैतानी काय आहे? माणूस जन्मतः पूर्ण पापी आहे, स्वतःच्या बळावर त्याला काही चांगलं करता येत नाही, ही धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतली शिकवण. सेलमच्या चर्चमध्येही तीच दिली जात होती. फरक एवढाच की चर्चमधला पाद्री पुढे ईश्वरी कृपेबद्दल बोलायचा आणि रानातला पुरोहित ती पायरी गाळतो. त्यातही कृपा कुणावर हे देवाने आधीच ठरवलेलं, माणसाला खात्रीने कळण्याची सोय नाही. पण चर्चचं पूर्ण सभासदत्व हवं असेल तर आपल्याला कृपा झाल्याचा अनुभव मंडळीसमोर सांगून त्यांना पटवावं लागायचं. म्हणजे आख्खं गाव एकमेकांचे चेहरे निरखत बसलेलं : हा खरोखर निवडलेला आहे, की सोंग करतोय? संशय रानात जन्मला नाही, तो त्या चर्चच्या रचनेतच होता. ब्राउनने रानातली दीक्षा नाकारली, पण प्रवचन पत्करलं, कारण ते त्याला लहानपणापासून पाठ होतं. शिकवलं कुणी? गुडी क्लॉइसने!

तेव्हा दूरस्थ, तुमचा न्यायाधीश हा त्या शाळेचा सगळ्यात हुशार विद्यार्थी आहे. त्याला एकट्याला फासावर देऊ नका.

दूरस्थ

हे मला बरंचसं मान्य आहे, आणि त्याने माझा मूळ मुद्दा पक्काच होतो. म्हणूनच मी म्हणतो त्याची धर्मश्रद्धा गेली नाही. उलट तिचा अर्धा भाग, पापाचा, तेवढा त्याने पूर्णपणे खरा मानला. ‘एकट्याला’ नको हे ठीक, पण सोडूनही देता येत नाही. त्याच गुडी क्लॉइसकडे बाकी गावही शिकलं होतं.

मुक्ता

फेथही शिकली असणार. आणि ती उड्या मारत आली.

शंकासुर

तिला काय झालंय, यायला? तिने रान बघितलं नव्हतं.

मुक्ता

हे कशावरून? मेळावा खरा होता असं धरून चाललात, तर बुरख्याखाली तीच होती, तुमच्या ब्राउनने ओळखलेली. आगीच्या उजेडात त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तिने नवऱ्याला तिथे वेदीपाशी उभा बघितला. त्याने तिला जे करताना बघितलं, नेमकं तेच तिने त्याला करताना बघितलं. आणि सकाळी ती त्याची वाट बघत कोपऱ्यावर उभी राहिली. मेळावा स्वप्न असेल तर ती पूर्ण निर्दोष. खरा असेल तर ती सगळं माहीत असूनही त्याच्याकडे धावत आली. ब्राउनच्या वागण्याला आधार मिळायला तिसरी शक्यता लागते : ती आनंदाचं सोंग करत होती. तेवढ्यासाठी कथेतली एक ओळ दाखवा.

शंकासुर

दाखवतो, आधी पुन्हा वाचून येतो. पण ‘फेथने ऐकलं की नाही, त्याला कळलं नाही’ हे वाक्य आहे, ते विसरू नका. वर बघ म्हणून तो ओरडला, आणि तिने वर बघितलं की खाली, हे त्याला कधीच समजलं नाही. त्याची सगळी तगमग तिथून सुरू होते.

कावेरी

समजायला एक सोपा मार्ग होता, तिला विचारायचं. ती रोज समोरच होती, नातवंडं होईपर्यंत.

अर्धविराम

विचारलं असतं तर तिनेही विचारलं असतं, ‘त्या रात्री तुम्ही कुठे गेला होतात?’ आणि हे तिला सांगायला तो कथेच्या पहिल्या पानापासून तयार नाही. ब्राउन गप्प का राहतो याचं मला तरी हेच कारण पटतं.